गुणपत्रिका कमी पडते तेव्हा : अमेरिकेतील फार्मसी रेसिडेन्सीची मुलाखत

अमेरिकेत फार्म.डी. ही औषधशास्त्राची व्यावसायिक पदवी घेतलेला विद्यार्थी परवाना परीक्षा उत्तीर्ण होताच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करू शकतो. परंतु ज्याला रुग्णालयात डॉक्टर आणि परिचारिकांच्या बरोबरीने रुग्णाच्या औषधोपचाराचे निर्णय घ्यायचे असतात, त्याच्याकडून बहुतेक मोठी रुग्णालये पदवीनंतरच्या आणखी एका वर्षाच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवतात. या प्रशिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. पहिले वर्ष, म्हणजे पीजीवाय-१, सर्वसाधारण स्वरूपाचे असते. ज्यांना कर्करोग, अतिदक्षता किंवा संसर्गजन्य रोग अशा एखाद्या शाखेत विशेष प्रावीण्य हवे असते ते त्यानंतर पीजीवाय-२ हे दुसरे वर्ष करतात. या काळात मिळणारे विद्यावेतन पूर्ण वेतनावरील फार्मासिस्टच्या कमाईच्या निम्म्याहूनही कमी असते, कामाचे तास लांब असतात आणि वॉर्डातील कामाच्या जोडीला संशोधन प्रकल्प, अध्यापन आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील जबाबदाऱ्या असतात. तरीही दरवर्षी हजारो विद्यार्थी या जागांसाठी अर्ज करतात, कारण रुग्णसेवेच्या केंद्रस्थानी पोहोचण्याचा हा सर्वांत खात्रीचा रस्ता आहे.

या परंपरेचा आरंभ १९२७ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला, जेथे हार्वी व्हिटनी यांनी औषधशास्त्राच्या पदवीधरांना रुग्णालयातच ठेवून प्रत्यक्ष कामातून शिकवण्याची योजना सुरू केली. १९४२ मध्ये रुग्णालयीन फार्मासिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. तीच संघटना आज ‘अमेरिकन सोसायटी ऑफ हेल्थ-सिस्टिम फार्मासिस्ट्स’, संक्षेपाने एएसएचपी, या नावाने ओळखली जाते आणि रेसिडेन्सी कार्यक्रमांना मान्यता देण्याचे काम करते. २००६ मध्ये ‘अमेरिकन कॉलेज ऑफ क्लिनिकल फार्मसी’ या संस्थेने अशी भूमिका मांडली की २०२० पर्यंत रुग्णांची थेट जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येक फार्मासिस्टसाठी रेसिडेन्सी ही पूर्वअट असावी. ही भूमिका कायदा म्हणून कधी लागू झाली नाही, मात्र रुग्णालयांच्या नोकरभरतीवर तिचा ठसा उमटला.

रेसिडेन्सीच्या निवडीची पद्धत समजून घेतल्याशिवाय मुलाखतीचे महत्त्व ध्यानात येत नाही. २०१२ पासून बहुतेक अर्ज ‘फोरकास’ नावाच्या मध्यवर्ती संगणकीय व्यवस्थेतून जातात. तिच्यात विद्यार्थी आपली गुणपत्रिका, कार्यपरिचय, प्रत्येक कार्यक्रमासाठी स्वतंत्रपणे लिहिलेले हेतुपत्र आणि सामान्यतः तीन जणांची शिफारसपत्रे दाखल करतो. डिसेंबरात एएसएचपीचे मोठे वार्षिक अधिवेशन भरते, अर्जांची मुदत डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या आरंभी संपते, मुलाखती मुख्यतः जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत होतात आणि मार्चमध्ये ‘मॅच’चा निकाल लागतो. मॅच म्हणजे जुळणी : उमेदवार ज्या ज्या ठिकाणी मुलाखत देऊन आला त्यांचा पसंतीक्रम तो लावतो, रुग्णालये मुलाखत दिलेल्या उमेदवारांचा क्रम लावतात आणि संगणक दोन्ही याद्यांची सांगड घालतो. या गणिताचा पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये घातला होता. पुढे वैद्यकीय नेमणुकांसाठी ही पद्धत सुधारून घेणारे अल्विन रॉथ आणि स्वतः शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही जुळणी उमेदवाराला न्याय देणारी आहे. त्याने मनातला खरा क्रम लिहिला तर त्याचे कधीच नुकसान होत नाही. पण ज्या रुग्णालयाने मुलाखतीलाच बोलावले नाही त्याच्या यादीत उमेदवाराचे नाव येत नाही, आणि मग गणित कितीही न्यायी असले तरी त्याच्या उपयोगी पडत नाही. म्हणून कमी गुणांच्या विद्यार्थ्याची खरी कसोटी मार्चच्या निकालाच्या दोन महिने आधी, अर्जांच्या छाननीत लागते.

अमेरिकेत अभ्यासक्रमातील सर्व श्रेणींची सरासरी ४ पैकी किती, अशा स्वरूपात मांडतात. तिला जीपीए म्हणतात. अनेक रेसिडेन्सी कार्यक्रम ३.० ही किमान मर्यादा मानतात, काही त्याहून वरची रेषा आखतात, तर काही कोणतीही रेषा न आखता जीपीएला एकूण गुणांकनात ठरावीक वाटा देतात. एखाद्या नावाजलेल्या रुग्णालयात मोजक्या जागांसाठी शेकडोंनी अर्ज येतात आणि ते वाचणारे कार्यक्रम-संचालक व त्यांचे सहकारी हे स्वतः पूर्णवेळ रुग्णसेवेत असलेले फार्मासिस्ट असतात. प्रत्येक अर्ज पूर्ण वाचणे त्यांना अशक्य होते आणि आकड्याची चाळणी लावणे सोपे पडते. या चाळणीवर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे. महाविद्यालयागणिक गुणदानाची कडक-सैल रीत बदलते, एका ठिकाणचा ३.२ दुसऱ्या ठिकाणच्या ३.६ इतका कष्टाचा असू शकतो, आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या संस्था तर आपल्या विद्यार्थ्यांना ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढेच सांगतात, त्यामुळे तेथील उमेदवारांचा जीपीए पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जो आकडा काही उमेदवारांच्या बाबतीत नसला तरी निवड अडत नाही, तोच इतरांच्या बाबतीत निर्णायक का ठरावा, हा प्रश्न कार्यक्रम-संचालकांनी स्वतःला विचारायला हवा.

मात्र गुणांकडे पाहण्यामागे वेळेच्या टंचाईखेरीज आणखी एक कारण आहे आणि विद्यार्थ्यांना ते क्वचितच सांगितले जाते. रेसिडेन्सी जुलैच्या सुमारास सुरू होते, आणि एएसएचपीच्या नियमांनुसार रेसिडेंटने सुरुवातीपासून १२० दिवसांच्या आत फार्मासिस्टचा परवाना मिळवणे आवश्यक असते, कारण वर्षाचा किमान दोन-तृतीयांश काळ त्याने परवानाधारक म्हणून काम केले पाहिजे. त्यासाठी ‘नॅप्लेक्स’ ही राष्ट्रीय परीक्षा आणि बहुतेक राज्यांत औषधविषयक कायद्याची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. रेसिडेंट यांत अडकला तर कार्यक्रमाला त्याला थांबवावे किंवा काढून टाकावे लागते, वर्षभराचे वेळापत्रक कोलमडते आणि त्या जागेचा भार इतरांवर पडतो. जीपीए कमी दिसला की संचालकाच्या मनात पहिली शंका येते ती हीच : हा विद्यार्थी परवाना परीक्षा पहिल्या प्रयत्नात पार करील का? दुसरी शंका अशी की वॉर्ड, प्रकल्प, सादरीकरणे आणि शनिवार-रविवारच्या पाळ्या हे सगळे एकाच वेळी त्याला पेलेल का? कमी गुणांच्या अर्जाने या दोन शंकांना उत्तर द्यायचे असते, आणि ते दिलगिरीने देता येत नाही; त्यासाठी पुरावा लागतो.

या पुराव्याचा पहिला धागा खुद्द गुणपत्रिकेतच सापडतो. सरासरी हा एकच आकडा असला तरी त्यामागे चार वर्षांचा आलेख असतो. पहिल्या वर्षी जैवरसायनशास्त्र किंवा औषधी रसायनशास्त्रात घसरलेला आणि तिसऱ्या वर्षी औषधोपचारशास्त्रात, म्हणजे कोणत्या रोगात कोणते औषध, किती मात्रेत आणि कोणत्या देखरेखीखाली द्यावे या विषयात, सातत्याने चांगल्या श्रेणी मिळवणारा विद्यार्थी एका प्रकारचा असतो. आरंभी चांगला असून पुढे खालावत गेलेला दुसऱ्या प्रकारचा. दोघांचा जीपीए सारखाच असू शकतो. अनुभवी वाचक हा फरक ओळखतो, पण शेकडो अर्जांच्या गर्दीत तो आपोआप लक्षात येईल असे गृहीत धरू नये. चढता आलेख असेल तर हेतुपत्रात किंवा शिफारसपत्रात एका वाक्यात त्याचा उल्लेख यावा. अजून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याने आपली शक्ती औषधोपचारशास्त्र, औषधगतिशास्त्र आणि रुग्ण-मूल्यमापन या विषयांवर एकवटावी, कारण रेसिडेन्सीच्या दृष्टीने याच विषयांचे वजन सर्वाधिक असते. औषधगतिशास्त्र म्हणजे औषध शरीरात कसे शोषले जाते, पसरते आणि बाहेर पडते याचे गणित.

परंतु गुणांची भरपाई करण्याची सर्वांत मोठी संधी वर्गात मिळत नाही, ती शेवटच्या वर्षाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात मिळते. फार्म.डी. अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात प्रत्येक विद्यार्थ्याला किमान १,४४० तास, म्हणजे सुमारे छत्तीस आठवडे, रुग्णालये, दवाखाने आणि औषधदुकानांत परवानाधारक फार्मासिस्टच्या देखरेखीखाली काम करावे लागते. चार ते सहा आठवड्यांच्या अशा प्रत्येक सत्राला ‘रोटेशन’ आणि देखरेख करणाऱ्याला ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. वर्गातील परीक्षा विद्यार्थ्याला काय आठवते हे सांगते. प्रिसेप्टर मात्र तो सकाळी सहाला येऊन रुग्णांच्या नोंदी वाचतो का, आदल्या दिवशीच्या चुकीतून दुसऱ्या दिवशी शिकलेला दिसतो का आणि माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही असे स्पष्ट सांगून तासाभरात संदर्भासह उत्तर आणतो का, हे सगळे डोळ्यांनी पाहत असतो.

या कामाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक शिरेतून दिले जाते. त्याचे रक्तातील प्रमाण कमी पडले तर संसर्ग आटोक्यात येत नाही आणि जास्त झाले तर मूत्रपिंडांना इजा होते. २०२० मध्ये एएसएचपी आणि संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार गंभीर संसर्गात त्याची मात्रा केवळ एका क्षणाच्या पातळीवरून न ठरवता चोवीस तासांत शरीराला मिळालेल्या एकूण प्रमाणावरून ठरवावी लागते. जो विद्यार्थी रुग्णाचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातील घटक, कालच्यापेक्षा वाढले आहे हे सकाळीच टिपतो, नवी मात्रा स्वतः मांडून आणतो, त्याच रुग्णाला मूत्रपिंडांवर ताण आणणारे दुसरे एखादे औषध चालू आहे का ते तपासतो आणि डॉक्टरांपुढे हे सगळे दोन वाक्यांत सांगतो, त्याच्याविषयी प्रिसेप्टरकडे लिहिण्यासारखे काही ठोस असते. तो पुढे लिहितो त्या पत्रातील असा एक प्रसंग डझनभर विशेषणांहून अधिक वजनदार ठरतो, आणि वर सांगितलेल्या दोन्ही शंकांना एकाच वेळी उत्तर देतो.

येथे वेळेचे एक गणित आहे आणि ते चुकल्यामुळे अनेकांची संधी हुकते. अर्जाची मुदत वर्षअखेरीच्या सुमारास संपते आणि रोटेशन मे-जूनमध्ये सुरू होतात, म्हणजे शिफारसपत्रासाठी फक्त पहिली पाच-सहा सत्रे उपयोगी पडतात. जानेवारीनंतर अतिदक्षता विभागात कितीही उत्तम काम केले तरी पहिल्या फेरीच्या अर्जात ते दिसत नाही. म्हणून रोटेशनचा क्रम ठरवताना विद्यार्थ्याने आंतररुग्ण विभागातील कठीण सत्रे शक्य तितकी आधी मागून घ्यावीत, आणि जेथे रेसिडेन्सी करण्याची इच्छा आहे त्या किंवा तशाच प्रकारच्या रुग्णालयात निदान एक सत्र मिळवण्याचा प्रयत्न करावा. महाविद्यालये हा क्रम पुष्कळदा सोडतीने ठरवतात हे खरे. तरी समन्वयकाला आपला हेतू वेळेत आणि स्पष्ट शब्दांत सांगितला तर काही ना काही वाट निघू शकते. ज्या रुग्णालयात विद्यार्थ्याला सहा आठवडे पाहिले गेले आहे तेथील छाननीत त्याचा जीपीए बाजूला पडण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण तेथे आकड्यावरून अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही.

शिफारस कोणाकडे मागावी याबाबत एक गैरसमज रूढ आहे, तो असा की मोठ्या पदावरच्या व्यक्तीचे पत्र अधिक प्रभावी ठरते. प्रत्यक्षात, विद्यार्थ्याला फक्त व्याख्यानगृहात पाहिलेल्या विभागप्रमुखाचे गुळगुळीत पत्र वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. फोरकासमधील शिफारसीच्या नमुन्यात लेखनकौशल्य, तोंडी संवाद, वेळेचे नियोजन, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता अशा अनेक बाबींवर मत नोंदवावे लागते आणि त्यापुढे मोकळ्या शब्दांत लिहायचे असते. सगळीकडे सर्वोच्च शेरा देऊन एकही उदाहरण न देणाऱ्या पत्रावर अनुभवी संचालक फारसा विश्वास ठेवत नाहीत. विनंती करताना ‘आपण माझ्यासाठी भक्कम शिफारस लिहू शकाल का’ असे नेमके विचारावे आणि उत्तरात अडखळ जाणवली तर दुसऱ्या व्यक्तीकडे वळावे. होकार मिळाल्यावर त्या व्यक्तीला आपला कार्यपरिचय, हेतुपत्राचा मसुदा आणि त्या सत्रात केलेल्या कामांची टिपणे द्यावीत, आणि गुणांची अडचण लपवून न ठेवता तिच्याशी मोकळेपणाने बोलावे. ‘या विद्यार्थ्याची श्रेणी पाहून मला शंका होती, ती पहिल्या दोन आठवड्यांत दूर झाली’ अशा आशयाचे वाक्य प्रिसेप्टरच्या लेखणीतून आले तर त्याचे जे मोल आहे ते उमेदवाराच्या स्वतःच्या कोणत्याही खुलाशाला येणार नाही.

हेतुपत्रात कमी गुणांचा उल्लेख करावा की करू नये, हा प्रश्न विद्यार्थ्यांना सर्वाधिक छळतो. आकडा सर्वसाधारण असेल आणि एखादीच श्रेणी वाईट असेल तर गप्प राहणे बरे, कारण उल्लेख केल्याने वाचणाऱ्याचे लक्ष उगाचच तिकडे जाते. पण सरासरीच रेषेच्या आसपास किंवा खाली असेल, एखादा विषय पुन्हा द्यावा लागला असेल किंवा अभ्यासक्रम लांबला असेल, तर ते वाचणाऱ्याला दिसणारच असते, आणि अशा वेळी दोन-तीन वाक्यांत काय घडले, त्यानंतर काय बदलले आणि त्या बदलाचा परिणाम कोठे दिसतो एवढे सांगून पुढे जावे. आजारपण, घरातील मृत्यू, शुल्कासाठी केलेल्या रात्रपाळ्या ही सगळी खरी आणि आदरास पात्र कारणे आहेत. मात्र कारणापाशीच थांबलेला परिच्छेद सबबीसारखा वाचला जातो, तर त्यानंतरच्या सत्रातील श्रेणी दाखवणारा परिच्छेद चिकाटीचा दाखला ठरतो. कारण अतिशय खासगी असेल तर ते स्वतः न लिहिता, परवानगी देऊन, शिफारस करणाऱ्या प्राध्यापकाला त्याचा मोघम उल्लेख करू द्यावा. पत्राचा उरलेला, म्हणजे मोठा, भाग त्या कार्यक्रमाविषयी असावा : तेथील कोणते प्रशिक्षण, कोणता रुग्णवर्ग, कोणती सेवा आपल्याला हवी आहे आणि का. एकाच साच्यातील पत्र रुग्णालयाचे नाव बदलून सगळीकडे पाठवण्याची सवय घातक आहे. नाव बदलायचे राहून गेलेले पत्र ज्याच्या हाती पडते तो वाचक औषधांच्या मात्रांतील एका दशांश चिन्हाची चूक पकडण्यात आयुष्य घालवत असतो, आणि अशी चूक तो विसरत नाही.

कार्यपरिचयात सभासदत्वांची लांबलचक यादी फारशी उपयोगी पडत नाही. एखाद्या विद्यार्थी संघटनेत दोन वर्षे जबाबदारीचे पद सांभाळून एक आरोग्यशिबिर उभे करणे, रुग्णालयाच्या औषधविभागात शिकाऊ कर्मचारी म्हणून सलग काम करणे, औषधचुका कमी करण्याच्या एखाद्या प्रकल्पात आकडेवारी गोळा करून डिसेंबरच्या अधिवेशनात त्याचे पोस्टर मांडणे, यांतून जबाबदारी पेलण्याची क्षमता दिसते. ‘रो काय’ या औषधशास्त्रातील मानाच्या संस्थेचे सभासदत्व गुणांवरच मिळते, त्यामुळे ते दार बंद असते. पण नेतृत्वासाठी निवड करणारी ‘फाय लॅम्डा सिग्मा’ ही संस्था किंवा दोघांच्या संघाने एका रुग्णाचा औषधोपचार आराखडा तयार करण्याची एएसएचपीची क्लिनिकल कौशल्य स्पर्धा यांत चमकण्यासाठी ३.८ जीपीए लागत नाही. रुग्णालयातील नोकरीचे महत्त्व विशेष आहे, कारण तिच्यातून विद्यार्थ्याला निर्जंतुक औषधे तयार करणे, स्वयंचलित औषधकपाटे, रात्रीच्या पाळीतील तातडीच्या मागण्या असे सगळे आतून माहीत होते, आणि त्याला रोजच्या कामात पाहिलेला एक वरिष्ठ शिफारस लिहिण्यासाठी उपलब्ध होतो.

उत्तम अर्जही चुकीच्या ठिकाणी पाठवला तर वाया जातो. पुष्कळ कार्यक्रम आपली किमान जीपीएची अट संकेतस्थळावर स्पष्ट लिहितात, आणि २.८ सरासरीच्या उमेदवाराने ३.०ची ठाम अट असलेल्या ठिकाणी अर्ज भरणे म्हणजे शुल्क आणि शिफारसकर्त्यांचा वेळ दोन्ही खर्ची घालणे होय. जेथे अट लिहिलेली नसते तेथे विचारावे. डिसेंबरच्या अधिवेशनातील रेसिडेन्सी दालनात प्रत्येक कार्यक्रमाचे संचालक आणि चालू वर्षाचे रेसिडेंट विद्यार्थ्यांना भेटतात आणि करोनाच्या साथीनंतर दूरदृश्य माध्यमातूनही अनेक रुग्णालये अशी सत्रे घेतात. तेथे ‘आपण अर्ज कसे वाचता, जीपीएला किती महत्त्व देता’ हे सभ्यपणे विचारण्यात काहीच गैर नाही, आणि मिळालेले उत्तर पुढच्या महिन्यातील श्रम वाचवते. विद्यापीठांशी संलग्न असलेल्या प्रसिद्ध महानगरी रुग्णालयांकडे अर्जांचा लोंढा जातो. त्या मानाने लहान शहरांतील सामुदायिक रुग्णालये, ग्रामीण राज्ये, मान्यतेच्या वाटेवर असलेले नवे कार्यक्रम आणि औषधदुकानांशी निगडित सामुदायिक रेसिडेन्सी यांच्याकडे कमी उमेदवार वळतात, तेथे प्रत्येक अर्ज अधिक बारकाईने वाचला जातो आणि मनुष्यबळ मोजके असल्याने रेसिडेंटला कामही विविध प्रकारचे मिळते. अशा ठिकाणांकडे तडजोड म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती पत्रातून उघड होते. अंधाधुंद तीस अर्जांपेक्षा नीट निवडलेले दहा-बारा अर्ज, त्यांत दोन महत्त्वाकांक्षी आणि उरलेले आपल्या अनुभवाशी जुळणारे, हे प्रमाण शहाणपणाचे वाटते.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. एएसएचपी-मान्य रेसिडेन्सीसाठी उमेदवार अमेरिकेतील मान्यताप्राप्त महाविद्यालयाचा पदवीधर असावा लागतो किंवा त्याच्याकडे परदेशी पदवीधरांसाठीचे एफपीजीईसी प्रमाणपत्र असावे लागते, आणि १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना ते मिळवण्यासाठी किमान पाच वर्षांचा औषधशास्त्र अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. त्यामुळे मुंबई, पुणे किंवा नागपूर येथे चार वर्षांचे बी.फार्म. केलेला विद्यार्थी त्या पदवीच्या बळावर पात्र ठरत नाही, तर भारतीय फार्मसी परिषदेने २००८ मध्ये सुरू केलेला सहा वर्षांचा फार्म.डी. पूर्ण करणाऱ्याला ही वाट खुली राहते. अशा उमेदवाराच्या गुणपत्रिकेचा अर्थ लावताना गोंधळ होण्याचा धोका असतो : आपल्या विद्यापीठांत साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, तर अमेरिकी मोजपट्टीवर साठ हा आकडा नापास होण्याच्या सीमेवरचा असतो. म्हणून नुसते टक्के न लिहिता मिळालेली श्रेणी, वर्गातील क्रमांक आणि त्या वर्षी विद्यापीठात सर्वोच्च गुण किती होते हे कार्यपरिचयात नोंदवावे. व्हिसाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांचे जाळे रेसिडेन्सी देणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक आहे, परंतु तेथे सहसा अमेरिकी नागरिकत्व लागते, आणि अनेक खासगी रुग्णालये परदेशी उमेदवाराच्या व्हिसाची जबाबदारी घेत नाहीत. ही चौकशी गुणांच्या चौकशीच्याही आधी करावी.

मार्चमध्ये नाव न जुळलेल्यांसाठी वाट तेथेच संपत नाही. २०१६ पासून मॅचच्या दोन फेऱ्या होतात : पहिल्या फेरीत रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी जाहीर होते, त्यांसाठी नव्याने अर्ज आणि मुलाखती होतात आणि एप्रिलमध्ये दुसरा निकाल लागतो. त्यानंतरही काही जागा थेट संपर्काने भरल्या जातात. दुसऱ्या फेरीत वेळ अतिशय थोडा असतो, म्हणून नवी हेतुपत्रे लिहिण्याची तयारी आणि जानेवारीनंतरच्या रोटेशनमधील प्रिसेप्टरचे ताजे शिफारसपत्र आधीच हाताशी ठेवणारा विद्यार्थी पुढे राहतो. पहिल्या फेरीत उशिरामुळे निरुपयोगी ठरलेले काम येथे कामी येते. तरीही जागा मिळाली नाही, तर नॅप्लेक्स पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होऊन एखाद्या रुग्णालयात वर्षभर फार्मासिस्ट म्हणून काम केलेला उमेदवार पुढच्या वर्षी अर्ज करतो तेव्हा परवान्याबद्दलची शंका उरलेलीच नसते आणि जीपीए ही काही वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका प्रवासाची नोंद एवढीच राहते. ज्याला पुन्हा अर्ज करायचा नसेल त्यालाही प्रावीण्याचा मार्ग आहे : १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बोर्ड ऑफ फार्मसी स्पेशॅलिटीज’ या संस्थेची औषधोपचारशास्त्रातील प्रमाणन परीक्षा पीजीवाय-१ पूर्ण केलेल्यांप्रमाणेच, त्या क्षेत्रात निदान तीन वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या परवानाधारक फार्मासिस्टलाही देता येते, आणि त्या परीक्षेच्या अर्जात महाविद्यालयीन सरासरी विचारली जात नाही.